आरआयएए लॉबिंगवर किती खर्च करते, आणि तो आकडा कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते: अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, म्हणजे आरआयएए, वॉशिंग्टनमध्ये लॉबिंगवर, म्हणजे कायदे आपल्याला हवे तसे व्हावेत म्हणून खासदार आणि अधिकाऱ्यांना गाठण्यावर, दरवर्षी लाखो डॉलर खर्च करते. तुम्हाला ओपनसीक्रेट्सच्या (राजकारणातल्या पैशाची नोंद ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर एका वर्षाचा एक आकडा दिसला आणि एका लेखात त्याच वर्षाचा जवळपास दीडपट. खरा कोणता? आणि एवढ्या पैशात तिथे कायदे विकत मिळतात का? पुण्यात एका चर्चासत्रात तुम्हाला यावर बोलायचंय.

मी वॉशिंग्टनजवळ राहते. व्यापारी संघटनांचे लॉबिंगचे तिमाही अहवाल तयार करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आरआयएएशी कामाचा संबंध कधी आलेला नाही, त्यामुळे त्यांची वकिली करायचं किंवा त्यांच्यावर डूख धरायचं मला काही कारण नाही. पण तुम्ही पाहिलेला आकडा ज्या फॉर्ममधून बाहेर पडतो, तो फॉर्म मी दर तिमाहीला भरते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक हिशेबाचा, दुसरा वजनाचा. हिशेबाला नेमकं उत्तर आहे. वजन मात्र समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं, आणि ते वर्षागणिक नव्हे तर विधेयकागणिक बदलतं. बहुतेक लेख हिशेबाचा आकडा उचलतात आणि सरळ वजनाचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. घोडं पेंड खातं ते तिथेच.

आधी ही संघटना कुणाची ते पाहू. आरआयएए १९५२ साली स्थापन झाली. लोकांना ती ठाऊक असते गोल्ड आणि प्लॅटिनमच्या तबकड्यांमुळे: अमेरिकेत पाच लाख प्रतींना गोल्ड, दहा लाखांना प्लॅटिनम, एक कोटीला डायमंड (आता स्ट्रीमिंगही ठरावीक प्रमाणात त्यात धरतात). पण हे तिचं जोडकाम. मुख्य काम म्हणजे युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्या आणि इतर लेबलं यांच्या वतीने कॉपीराइट कायद्याची राखण करणं. गायक, वादक, गीतकार हे तिचे सभासद नव्हेत. आपल्याकडच्या बातम्यांत तिला सरसकट 'संगीतकारांची संघटना' म्हटलेलं दिसतं, ते साफ चूक आहे. पुढे १९९९ ची एक गोष्ट सांगणार आहे, ती या फरकाशिवाय कळायची नाही.

आता फॉर्म. १९९५ च्या लॉबिंग डिस्क्लोजर कायद्याने नोंदणी सक्तीची केली. २००७ च्या दुरुस्तीने सहामाही अहवाल तिमाही झाले. २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर आणि २० जानेवारी या आमच्याकडच्या परीक्षेच्या तारखा. फॉर्मचं नाव एलडी-२. तो प्रतिनिधिगृहाचे क्लार्क आणि सिनेटचे सेक्रेटरी यांच्याकडे ऑनलाइन जातो आणि जगात कुणालाही फुकट पाहता येतो, त्यासाठी अमेरिकेत असावं लागत नाही.

त्यातल्या बाराव्या आणि तेराव्या ओळीत तुमच्या दीडपटीचं उत्तर असण्याची शक्यता दांडगी आहे. बारावी ओळ बाहेरच्या लॉबिंग फर्मसाठी: या ग्राहकाकडून तिमाहीत किती फी मिळाली. तेरावी ओळ स्वतःचे लॉबिस्ट पगारावर ठेवणाऱ्या संघटनेसाठी: एकूण खर्च किती झाला. या एकूण खर्चात बाहेरच्या फर्मना दिलेली फीसुद्धा धरायची असते. समजा एका संघटनेने तिमाहीत १० लाख डॉलर खर्च केले आणि त्यातले ४ लाख बाहेरच्या फर्मना दिले. संघटनेच्या तेराव्या ओळीत १० लाख येणार, त्या फर्मच्या बाराव्या ओळींत मिळून तेच ४ लाख पुन्हा येणार. संघटनेचं नाव टाकून सापडतील तेवढे अहवाल गोळा करणारा आणि बेरीज मारणारा बातमीदार १४ लाख लिहून बसतो. ओपनसीक्रेट्सवाले ही दुहेरी मोजणी टाळतात. म्हणून त्यांचा आकडा लहान दिसला तर ते काही दडवताहेत असं समजू नका.

दुसरी शक्यता अशी की लेखात 'रेकॉर्ड उद्योगाचा' खर्च असेल. युनिव्हर्सल, सोनी म्युझिक आणि वॉर्नर या कंपन्या आरआयएएला वर्गणी देतात, शिवाय स्वतःच्या नावाने वेगळे अहवालही भरतात. त्यात संगीत प्रकाशकांची संघटना, ग्रॅमी देणारी रेकॉर्डिंग अकादमी, गीतकार-संगीतकारांची आस्कॅप असे सगळे मिळवले की 'संगीत क्षेत्राचा' आकडा होतो. आणि यातले कित्येक जण कित्येक विधेयकांवर एकमेकांच्या विरोधात असतात. त्यांची बेरीज करणं म्हणजे वादी आणि प्रतिवादी दोघांच्या वकिलांची फी एकत्र करून 'न्यायाचा खर्च' सांगणं. बेरीज बरोबर येते, अर्थ मात्र काहीच लागत नाही.

तिसरी शक्यता चौदाव्या ओळीत दडलेली असते. खर्च मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. एक लॉबिंग कायद्याच्या व्याख्येने: फक्त केंद्र पातळीवरचे संपर्क आणि त्यांची तयारी. दुसरी आयकर कायद्याच्या व्याख्येने: व्यापारी संघटनांना ती वापरता येते, आणि तिच्यात राज्य विधिमंडळांतलं लॉबिंग आणि लोकांना 'तुमच्या खासदाराला फोन करा' सांगणाऱ्या मोहिमांचा खर्चही येतो. पहिल्या पद्धतीत तो येत नाही. त्यामुळे दोन संघटनांची तुलना करायची असेल तर दोघींनी एकाच चौकटीत खूण केली आहे का, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी पाहिलेल्या तुलनात्मक तक्त्यांत ही खबरदारी क्वचितच घेतलेली असते.

हा आकडा तयार कसा होतो तेही जवळून दाखवते. तिमाही संपली की माझ्यासमोर वेळनोंदी येतात. कॉपीराइटचं काम बघणाऱ्या एखाद्या वकिलाचा आठवडा घ्या. सोमवारी सिनेटच्या न्यायिक समितीतल्या कर्मचाऱ्याशी विधेयकावर बोलणं: धरायचं. त्या बोलण्यासाठी आधी तयार केलेलं दोन पानी टिपण: धरायचं, कारण संपर्काची तयारी ही लॉबिंगच. मंगळवारी कोर्टातल्या खटल्याचा मसुदा: धरायचा नाही. बुधवारी सदनाच्या समितीपुढे जाहीर साक्ष: साक्ष देणं कायद्याने 'लॉबिंग संपर्का'तून वगळलंय. गुरुवारी फेडरल रजिस्टरमधल्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राजपत्रातल्या, जाहीर सूचनेला उत्तर म्हणून दिलेलं लेखी निवेदन: तेही वगळलेलं. शुक्रवारी पत्रकारासोबत जेवण: नाही. मग जे तास उरले, त्या प्रमाणात पगार आणि जागेच्या भाड्याचा वाटा काढायचा, बाहेरच्या फर्मची बिलं मिळवायची आणि येणारी रक्कम जवळच्या दहा हजारांत पूर्ण करायची. गुरुवारच्या निवेदनावर पुढे परत येणार आहे, कारण त्याचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे.

अठराव्या ओळीत लॉबिस्टांची नावं असतात. तिथे नाव यायला एकाहून जास्त संपर्क आणि त्या ग्राहकासाठीच्या वेळेपैकी किमान २० टक्के वेळ लॉबिंगमध्ये जायला लागतो. १९ टक्क्यांवर थांबणारा 'सल्लागार' कायदेशीररीत्या तिथे दिसत नाही. सतराव्या ओळीत सिनेट, प्रतिनिधिगृह, कॉपीराइट ऑफिस अशी कार्यालयांची नावं असतात. कोणत्या खासदाराला भेटले हे लिहावं लागत नाही. माझ्या मते या कायद्यातलं सगळ्यात मोठं भगदाड हेच.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. व्यापारी संघटनेच्या वर्गणीतला जो भाग लॉबिंगवर जातो, तो सभासद कंपन्यांना आयकरातून वजा करता येत नाही. संघटनेला तो भाग सभासदांना कळवावा लागतो, नाहीतर स्वतः कर भरावा लागतो. त्यामुळे आकडा फुगवण्यात कुणालाच रस नसतो. जिथे शंका असेल तिथे तास 'लॉबिंग नाही' या खात्यात टाकायचा कल असतो. खोटेपणा म्हणत नाही मी, पण झुकतं माप तिकडेच.

तेव्हा हिशेबापुरतं सांगायचं तर ओपनसीक्रेट्सचा आकडा धरा, त्याला 'किमान' म्हणा, आणि त्यात काय नाही ते सोबत सांगा. आरआयएएच्या बाबतीत जे नाही ते भलं मोठं आहे. २००३ ते २००८ या काळात गाणी शेअर करणाऱ्या सुमारे ३५ हजार व्यक्तींवर या संघटनेमार्फत कंपन्यांनी कायदेशीर कारवाया केल्या. त्याचा एक डॉलर या फॉर्ममध्ये नाही. जून २०२४ मध्ये सुनो आणि युडिओ या एआय संगीत कंपन्यांवर बड्या लेबलांनी भरलेले खटलेही यात नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये टेनेसी राज्याने गायकाच्या आवाजाची एआय नक्कल रोखणारा एल्विस कायदा केला. तो राज्याचा विषय, त्यामुळे पहिल्या पद्धतीने मोजणाऱ्याच्या केंद्रीय आकड्यात त्याची पै येत नाही. उमेदवारांना दिलेल्या देणग्या निवडणूक आयोगाकडे वेगळ्या नोंदतात. तिथे एका पीएसीला (देणग्या देण्यासाठी काढलेली वेगळी राजकीय समिती) एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५ हजार डॉलरचीच मर्यादा आहे.

आता वजन. आधी प्रमाण समजून घ्या. मेटा या एकट्या कंपनीने २०२४ मध्ये केंद्रीय लॉबिंगवर २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त खर्च दाखवला. यूएस चेंबर ऑफ कॉमर्स अलीकडच्या वर्षांत ६ कोटींच्या वर असतं. आरआयएए या रांगेत बरीच मागे आहे. उलट बाजूने बघा: २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल आरआयएएच्याच हिशेबाने १७.७ अब्ज डॉलर होती. कायद्यातल्या एखाद्या बदलाने त्यातला एक टक्का इकडचा तिकडे झाला तरी १७ कोटी ७० लाख डॉलर होतात. म्हणजे खर्च इतरांपेक्षा कमी, पण जे पणाला लागलंय त्या मानाने अगदीच किरकोळ. पैसा हा इथे अडथळा नाहीच. मग अडतं कुठे आणि सुटतं कुठे, हे प्रत्यक्ष प्रकरणांतून बघावं लागतं.

१९९९ ची गोष्ट. उपग्रह टीव्हीवर स्थानिक वाहिन्या दाखवण्याबद्दलचा एक कायदा वर्षअखेरच्या भल्याथोरल्या अर्थसंकल्पी गाठोड्यात बांधून मंजूर होत होता. त्यात कॉपीराइट कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात इंग्रजीतले चार शब्द घुसले: 'ॲज अ साउंड रेकॉर्डिंग'. कुठे? 'वर्क मेड फॉर हायर'च्या, म्हणजे दुसऱ्याने पैसे देऊन करून घेतलेल्या आणि म्हणून पहिल्यापासून त्याच्याच मालकीच्या कामांच्या यादीत. याचा परिणाम असा की गायकांनी कंपनीला दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागायची जी सोय कायद्यात आहे, ती ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत निकालात निघणार होती. यावर सुनावणी झाली नाही, सदनात चर्चा झाली नाही. ती दुरुस्ती लिहिण्यात प्रतिनिधिगृहाच्या संबंधित उपसमितीचे कर्मचारी-वकील मिच ग्लेझियर यांचा हात होता. काही महिन्यांतच ते आरआयएएमध्ये रुजू झाले. २०१९ पासून ते तिचे प्रमुख आहेत. संघटनेचं म्हणणं होतं की ही फक्त तांत्रिक स्पष्टता होती, कायदा आधीपासून असाच होता.

गायकांना पत्ता लागला तसा गहजब झाला. डॉन हेन्ली, शेरिल क्रो अशी मंडळी पुढे आली, क्रो यांनी २००० साली उपसमितीपुढे साक्ष दिली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती मागे घेणारा कायदा झाला. वर्षही न टिकलेली ती दुरुस्ती. आता मला सांगा, त्या चार शब्दांचा खर्च तेराव्या ओळीत किती दिसेल? काही फोन, एखादं टिपण, काही तासांचा पगार. सगळ्यात खोलवर परिणाम करू शकणारा बदल सगळ्यात स्वस्त होता, कारण त्या खोलीत दुसरी बाजू हजरच नव्हती. आणि ती हजर झाल्याबरोबर बदल कोसळला. मी तिमाही आकड्यांपेक्षा वर्षअखेरच्या गाठोडेवजा विधेयकांकडे जास्त लक्ष देते ते याचसाठी.

याच्या नेमकी उलट गोष्ट रेडिओची. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टी मिळते. गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला छदामही नाही. न्यू जर्सीच्या एखाद्या देशी एएम स्टेशनवर लताबाईंचं गाणं लागलं तरी हाच नियम. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओवर मात्र पैसे मिळतात, कारण १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणापुरता हा हक्क दिला. तो साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते: ५० टक्के हक्कमालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांना.

साध्या रेडिओकडून हे पैसे मिळवायचा प्रयत्न कित्येक दशकं चाललाय. फ्रँक सिनात्रासारख्या गायकाने हा मुद्दा उचलून धरला होता. २००९ मध्ये विधेयक दोन्ही सदनांच्या न्यायिक समित्यांतून पार पडलं आणि तिथेच विरलं. २०२१ मध्ये अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्ट आलं. त्यात लहान स्टेशनांनी वर्षाला फक्त ५०० डॉलर भरावेत अशी सवलत ठेवली. डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने ते मंजूर केलं, पुढे मतदान झालंच नाही. कलाकारांच्या बाजूने जनमत आहे, मोठे गायक येऊन साक्ष देतात, कंपन्यांकडे पैसा आहे, तरी वाटाण्याच्या अक्षता.

कारण समोर प्रसारकांची संघटना, एनएबी, उभी आहे. तिची ताकदही तेराव्या ओळीत मावत नाही. अमेरिकेत पंधरा हजारांच्या आसपास रेडिओ स्टेशनं आहेत; असा मतदारसंघ नाही जिथे एक तरी नाही. खासदार आपल्या गावी गेला की त्याची मुलाखत घेणारा, पुराच्या दिवसांत सूचना देणारा, शाळेच्या सामन्याचं समालोचन करणारा माणूस त्याच स्टेशनचा. तोच सांगतो की हा नवा कर आला तर आम्ही बंद पडू. दर सत्रात 'लोकल रेडिओ फ्रीडम' नावाचा एक बंधनकारक नसलेला ठराव फिरतो आणि त्यावर प्रतिनिधिगृहाच्या दोनशेहून जास्त सभासदांच्या सह्या होतात. ठरावाने काहीच होत नाही, पण विधेयक मतदानाला आणलं तर काय होईल हे नेत्यांना त्यातून दिसतं. रेकॉर्ड कंपन्यांच्या कचेऱ्या मात्र न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि नॅशव्हिलमध्ये. आयोवाच्या खासदाराला त्यांची भीती का वाटावी?

२०१२ च्या सोपा-पिपा प्रकरणाबद्दल तुम्ही वाचलंच असेल, म्हणून लांबण लावत नाही. चोरटी संकेतस्थळं बंद करायला लावणारी ही विधेयकं, पाठीशी चित्रपट आणि संगीत उद्योगाच्या संघटना, दोन्ही पक्षांचे सह्या करणारे खासदार. १८ जानेवारीला इंग्रजी विकिपीडियाने दिवसभर पडदा ओढला, गूगलच्या मते त्यांच्या अर्जावर ७० लाख सह्या झाल्या, आणि दोन दिवसांत दोन्ही विधेयकं गुंडाळली गेली. माझ्या क्षेत्रातल्या जुन्या लोकांना तो आठवडा अजून आठवतो. पुढे त्यावरून 'इंटरनेटने लॉबिंग हरवलं' अशी एक कथा रूढ झाली. ती मला अर्धीच पटते. लोक खवळले हे खरंच, पण तंत्रज्ञान कंपन्यांचा वॉशिंग्टनमधला स्वतःचा लॉबिंग खर्चही तोवर चढणीला लागला होता. दुसरी बाजू हजर झाली, याचं ते आणखी एक उदाहरण.

मग आरआयएए मोठा कायदा जिंकते कधी? २०१८ चा म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्ट पाहा. प्रतिनिधिगृहात ४१५ विरुद्ध ०. आजच्या अमेरिकेत टपाल कार्यालयाच्या नामकरणाखेरीज असं मतदान विरळाच. यात गीतकारांसाठी स्ट्रीमिंगचा सरसकट परवाना आणि तो चालवणारी नवी संस्था आली; रेकॉर्ड कंपन्यांना हवं असलेलं, १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय संरक्षण आलं; निर्मात्यांचा वाटा आला; आणि स्ट्रीमिंग कंपन्यांना जुन्या दाव्यांपासून सुटका मिळाली. प्रत्येकाच्या ताटात काहीतरी पडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्ट्रीमिंग कंपन्यांनी मालक न सापडलेल्या रॉयल्टीचे ४२ कोटी ४० लाख डॉलर त्या संस्थेकडे जमा केले, यावरून व्याप लक्षात येईल. हा कायदा आरआयएएने 'विकत घेतला' म्हणणं चुकीचं आणि 'लोकहितासाठी झाला' म्हणणं भाबडं. मतदानाच्या आधीच सगळ्या संघटनांनी आपापसांत भांडून, बसून, वाटणी करून घेतली होती. खासदारांपुढे तयार तह आला. त्या टेबलाशी सामान्य श्रोता नव्हता, ही टीका मला रास्त वाटते. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संरक्षणाची लांबलचक मुदत हा त्याचाच परिणाम.

एआयच्या बाबतीत हेच पुन्हा घडताना दिसतंय. आवाज आणि चेहऱ्याच्या नकलेविरुद्धचं नो फेक्स विधेयक एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा मांडलं तेव्हा आरआयएएबरोबर यूट्यूबही पाठिंब्याला उभी होती. म्हणजे या मुद्द्यावर तह जवळ आहे. गाणी वापरून मॉडेल शिकवायला परवानगी लागते का, या मुद्द्यावर मात्र तह नाही, म्हणून ते भांडण कोर्टात. लॉबिंगचा खर्च पहिल्यावर दिसेल, दुसऱ्याचा बहुतांश वकिलांच्या बिलांत जाईल.

आता गुरुवारचं ते निवेदन. तुम्ही पुण्यात बोलणार आहात तर श्रोत्यांचा खरा संबंध इथे येतो. अमेरिकेचं व्यापार प्रतिनिधी कार्यालय दरवर्षी स्पेशल ३०१ अहवाल काढतं: कोणते देश बौद्धिक संपदेचं पुरेसं रक्षण करत नाहीत. भारत वर्षानुवर्षं त्यातल्या 'प्रायॉरिटी वॉच लिस्ट'वर आहे, २०२५ मध्येही होता. अहवालाआधी फेडरल रजिस्टरमध्ये सूचना निघते आणि लेखी निवेदनं मागवतात. १९८४ साली स्थापन झालेली आयआयपीए ही संघटनांची संघटना देशवार भरगच्च निवेदन देते. आरआयएए तिची घटक आहे. आणि मघाशी सांगितलं तसं, जाहीर सूचनेला दिलेलं उत्तर लॉबिंग संपर्कात धरलं जात नाही.

या निवेदनांत भारताच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३१डी वारंवार येतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम प्रसारकांना ठरावीक दराने, कंपनीची मर्जी न सांभाळता गाणी वाजवू देतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या एका कार्यालयीन ज्ञापनाने ते इंटरनेट प्रसारणालाही लागू होतं असं म्हटलं, आणि रेकॉर्ड कंपन्यांचं धाबं दणाणलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स (रेकॉर्ड कंपनी) विरुद्ध विंक (गाणी ऐकवणारी ऑनलाइन सेवा) प्रकरणात ऑनलाइन डाउनलोड आणि स्ट्रीमिंगला ३१डी लागू नाही असा निकाल दिला; २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. कृपा करून 'अमेरिकेच्या दबावाखाली निकाल लागला' असं व्यासपीठावरून म्हणू नका. तो दोन भारतीय कंपन्यांमधला वाद होता आणि न्यायालयाने कलमाचे शब्द वाचून तो सोडवला. पण त्याच सुमारास सरकारवर कोण कोणत्या बाजूने दबाव आणत होतं, हे पाहायचं तर अमेरिकन बाजूची निवेदनं शब्दन् शब्द वाचायला मिळतात. भारतीय बाजूची मिळत नाहीत, कारण आपल्याकडे लॉबिंग नोंदवायचा कायदाच नाही. २०१२ ची दुरुस्ती झाली तेव्हा जावेद अख्तर राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते आणि त्यांनी गीतकारांची बाजू भर सभागृहात मांडली. तेवढं इतिवृत्तात आहे. मंत्रालयाच्या दालनांत कोण कुणाला भेटलं ते कुठेच नाही.

चर्चासत्रात वेळ थोडा असेल तर वार्षिक बेरजेचा तक्ता दाखवू नका. सिनेटच्या संकेतस्थळावरून आरआयएएचा एकच तिमाही एलडी-२ उतरवून घ्या आणि पडद्यावर सोळावी ओळ मोठी करा. पंधराव्या ओळीत 'सीपीटी' म्हणजे कॉपीराइट-पेटंट-ट्रेडमार्क अशी नुसती सांकेतिक खूण असते; सोळाव्यात कोणत्या विधेयकांवर काम केलं ते लिहावं लागतं. मग त्यातलं एक विधेयक उचला आणि त्याच तिमाहीत त्याच विधेयकाचं नाव आणखी कुणी कुणी लिहिलंय ते त्याच संकेतस्थळावर शोधा. एनएबी सापडली तर एक प्रकारची लढाई, गूगल सापडलं तर दुसऱ्या प्रकारची. आणि कुणीच सापडलं नाही, तर त्या विधेयकाचा मसुदा ओळ न् ओळ वाचा.